तुझ्या लग्नपत्रिकेच्या फोल्डरातली फाईल

बिरू,

तो कॉम्प्युटर मी मुद्दाम फॉरमॅट केला होता.

मशीनमध्ये व्हायरस शिरला, ते उठतच नव्हतं, म्हणून सगळं पुसावं लागलं, असं तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. मशीन चांगलं चालत होतं. पडद्याच्या कोपऱ्यात तुझ्या त्या डिजिटल नाण्याचं चिन्ह दिसत होतं, आणि तुझी वॉलेटची फाईल, म्हणजे त्या नाण्यांची थैली, आतच होती. ती गेली की तू खरा की खोटा हे कधीच कुणाला कळणार नाही, हे मला नीट ठाऊक होतं. म्हणूनच बटण दाबलं. नऊ वर्षं हे कुणाला बोललो नाही. आता बोलतोय, तर ऐकायला तू नाहीस.

तुला जाऊन महिना झाला. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी काय लिहायचं ते मला पाठ आहे. भालकीतल्या किती घरांच्या श्रद्धांजल्या मीच टाईप केल्यात. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू. तुझ्यासाठी ते शब्द लिहायला बसलो की हे फॉरमॅटचं आडवं येतं. म्हणून आधी हेच.

बसस्टँडसमोर, उदगीरची गाडी वळते तिथं, आपलं दोघा भावांचं दुकान. तीन मशीन. मराठी पत्रिका मी करायचो, कन्नड पत्रिका तू. आपल्याकडे, सीमेवर, एकाच लग्नाला दोन्ही लागतात, त्यामुळे एकाचं काम दुसऱ्यावाचून पुरं व्हायचं नाही. प्रत्येक पत्रिकेच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असायची : ‘अक्षरजुळणी – मल्लू-बिरू ग्राफिक्स, भालकी.’ आणि दुकानाचा एक नियम होता, पत्रिकेची फाईल पुसायची नाही. दोन-चार वर्षांनी त्याच घरात दुसरं लग्न निघतं. काका-मामांची, आत्या-मावश्यांची लांबलचक यादी जुन्या फाईलीतून तशीच उचलता येते. मधल्या काळात जे गेले त्यांच्या नावामागे ‘कै.’ लावायचं, की झालं.

त्या एप्रिलमध्ये राजेश्वर गावचे पाहुणे पत्रिका न्यायला आले होते. दुपारचे दोन वाजले होते. मधल्या मशीनमधून आधी वास आला, मग धूर. मी वायर ओढेपर्यंत ते गेलं होतं. पाहुण्यांची कन्नड पत्रिका त्यातच अर्धवट होती.

“अवो मल्लूशेठ,” पाहुणे म्हणाले, “पत्रिका न्यायला आलाव. हितं तर होम चाललाय!”

बाकीच्या दोन मशीनचे पंखेही वेड्यासारखे फिरत होते. मी जवळ जाऊन बघितलं, तर मागं कसलातरी प्रोग्राम चालू.

“ह्ये काय चालवायलास बिरू?”

“नाणी काढायलाव अण्णा. बिटकॉइनसारखीच हायत, दुसरी. मशीन मोकळं असलं की हिसाब करत बसतंय, त्याच्यातनं नाणं निगतंय.”

“कुठं हाय नाणं? दाखव की.”

“फाईलीत हाय.”

पाहुण्यांनी मांडीवर थाप मारली. “फाईलीत नाणं! मग झेरॉक्स मारली की डबल व्हतंय का रे?”

सगळे हसले. तूही थोडा हसलास. तुझं ते हसणं मला सहन झालं नाही, आणि चार माणसांसमोर मी तुझ्या थोबाडीत मारली. तू तेव्हा एकतीस वर्षांचा होतास, तुझं लग्न झालेलं होतं. वर म्हणालो, “दुकान जुगाराला लावलंस. जुगारी कुठला.”

तू गाल चोळला नाहीस. एवढंच म्हणालास, “जुगार न्हाई अण्णा. येक दिवस तूच म्हनशील, बिरू, उघड म्हून. तवा उघडीन.”

संध्याकाळी सातच्या सुमाराला पुन्हा आलास, कोपऱ्यातल्या मशीनवर पंधरा-वीस मिनिटं बसलास. मला वाटलं, राहिलेली कन्नड पत्रिका पुरी करतोयस. ती पुरी केलीसच. मग डबा उचललास आणि गेलास. चौथ्या दिवशी मी ते मशीन फॉरमॅट केलं. त्याआधी नियमाप्रमाणे पत्रिकांचे सगळे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, न बघता. तू तुझी फाईल मागायला आलास तेव्हा व्हायरसची गोष्ट सांगितली. तू म्हणालास, “बरं.” ते ‘बरं’ मी माझ्या सोयीनं लावून घेतलं. चोरी झाकली गेली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकलास, असं.

आणि ‘जुगारी’ हा शब्द मी गावात फिरवला. चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या गेटवर, आपल्या आईजवळ, तुझ्या बायकोच्या, शोभाच्या वडलांजवळ. भावाला दुकानातून काढलं, त्याला काहीतरी कारण द्यावं लागत होतं. तू खटकचिंचोळीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंस. लोक मोबाईल तुझ्याकडेच आणायचे, पण उधार कुणी द्यायचं नाही. कामून, तर जुगारी. आणि आपल्या पत्रिकांच्या त्या तळच्या ओळीतून मी तुझं नाव काढलं. ‘मल्लू ग्राफिक्स, भालकी.’ पहिले काही दिवस बोटं अडखळायची. मग सरावली.

ह्या नऊ वर्षांत आपण भेटलो नाही असं नाही. लग्नात भेटलो, आपले वडील अप्पा गेले तेव्हा त्यांच्या मातीला भेटलो. मातीवरून परतताना तू माझ्याशेजारून चालत होतास. रस्त्याकडेला मेंढरं बसली होती. तू म्हणालास, “अण्णा, गेरू आठवतंय?” मी ‘व्हय’ म्हणालो आणि पुढं झालो. आठवत होतंच. अप्पा आपली आणि काकांची मेंढरं एकत्र चारायचे. जी सामाईक, त्यांच्या पाठीवर अप्पा गेरूचा पट्टा ओढायचे. आपली स्वतःची बिनखुणेची. लांडग्यानं एखादं उचललं की अप्पा सांगायचे, “गेलं ते आपलं. गेरूवालं न्हाई गेलं.” लांडगा काय पाठ बघून नेत होता का, असं तू विचारलंस तेव्हा अप्पा रागावलेही नव्हते. “नेलं आसंल गेरूवालं. पर सांगायचं आसंच.” त्या दिवशी मी थांबलो असतो, तर तू पुढं काही बोलणार होतास. हे आता कळतंय.

कलबुर्गीच्या दवाखान्यात मी आलो तो शेवटच्या आदल्या दिवशी. काविळीनं तुझे डोळे हळदीसारखे झाले होते.

“दुकान कुनावर टाकून आलास अण्णा?”

“बंद हाय.”

“लगीनसराईत बंद? म्हंजी मी खरंच मरायलाव का काय!”

शोभा तुझ्यावर ओरडली. तू हसलास. मग तिला पाणी आणायला पाठवलंस आणि म्हणालास, “माज्या लग्नाच्या पत्रिकेचं फोल्डर बघ. त्यात फाईल हाय. वॉलेटची.”

“ती तर...”

“हाय. उघडून बघ.”

“पासवर्ड?”

“तुज्या बोटाला ठाव हाय.”

मी म्हणालो, “बिरू, त्या मशीनचं मी...”

“ऱ्हाऊ दे,” तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, दमलास. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायला तू राहिला नाहीस.

तुझ्या तेराव्याची पत्रिका मीच केली. मराठी मी जुळवली. कन्नड करायला कुणी नव्हतं, म्हणून तीही चाचपडत मीच केली. तेराव्याच्या जेवणाला एक पाहुणा पत्रावळीवरून म्हणाला, “गुनी हुता. पर जुगारानं खाल्लं त्येला.” माझाच शब्द, नऊ वर्षांनी माझ्याच मांडवात. शोभा वाढत होती. तिच्या हातातला डाव तसाच थांबला. माणसं पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“अण्णा, ती फाईल उघडा. नाणी निगू दे, न्हाईतर न्हाई. ते माज्याशी खरं बोलायलते का खोटं, येवढं मला कळू द्या. उद्या पोरगी इचारंल, माजा बाप जुगारी हुता का म्हून. मी काय सांगू?”

डिस्कवर ‘बिरू-शोभा’ नावाचं फोल्डर होतं. आत पत्रिकेची फाईल, हळदीतल्या तुमच्या दोघांच्या फोटोची फाईल, आणि तिसरी एक, जी पत्रिकेची नव्हती. त्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत तू हे केलं होतंस. अण्णा भावाचं नाणं पुसेल, पण पत्रिका पुसणार नाही, एवढा भरवसा तुला होता.

मग आधी त्या फाईलीच्या दोन नकला काढल्या आणि मूळ फाईल बाजूला ठेवली. त्या नाण्याचं सॉफ्टवेअर दुकानातल्या मशीनवर उतरवलं, वॉलेट परत आणण्याचं बटण दाबलं, तुझी फाईल दाखवली. ते म्हणालं, ही फाईल जुन्या आवृत्तीची आहे, नव्या आवृत्तीत बदलायची का? काम नकलेवरच चाललं होतं, तरी ‘हो’ दाबण्याआधी मूळ फाईल जागेवर आहे ना ते पुन्हा बघितलं. ते पार पडलं. मग एक पांढरा चौकोन आला : पासवर्ड.

आईचं नाव घातलं. बिरोबाचं घातलं. शोभाचं, तुझ्या पोरीचं, तुझी जन्मतारीख, आपला पहिला फोननंबर, गावाचं नाव. कधी इंग्रजी अक्षरांत, कधी देवनागरीत. दरवेळी लाल अक्षरात तेच : पासवर्ड चुकीचा आहे.

इथं आणखी एक कबुली आहे, आणि ती फॉरमॅटपेक्षा जड आहे. ते लाल अक्षर आलं की मला बरं वाटायचं. फाईल उघडली नाही, तर मी थोडा तरी बरोबर ठरत होतो. आत काही असलं, तर ती थप्पड, तो शब्द, ही नऊ वर्षं, सगळं माझ्यावर येणार होतं. पाच दिवस मी पासवर्ड शोधत होतो, आणि तो सापडू नये म्हणून मनात देवाला हातही जोडत होतो. सहाव्या दिवशी तर शोभाला सांगायचं वाक्यही तयार होतं : फाईल खराब झालीय, आता काही होणार नाही.

त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं ती दुकानात आली. तुझ्या खुर्चीवर बसली. काउंटरच्या काचेखाली तुझ्या तेराव्याची पत्रिका होती. ती वाचत गेली, तळापर्यंत.

“अण्णा, हितं त्यांचं नाव कामून न्हाई?”

“हाय की. वर, मोठ्या अक्षरात.”

“तसं न्हवं. हितं खाली. माज्या लग्नाच्या पत्रिकेत दोगांचं हुतं, मल्लू-बिरू म्हून.”

मी वाकून बघितलं. ‘अक्षरजुळणी – मल्लू ग्राफिक्स, भालकी.’ तुझ्या स्वतःच्या तेराव्याच्या पत्रिकेतही माझ्या बोटांनी तुला गाळलं होतं, मला कळूही न देता. मी तयार ठेवलेलं ते वाक्य तोंडातच राहिलं. तुझा शब्द आठवला. तुझ्या बोटाला ठाव हाय. ठाव होतंच की. मीच काढून टाकलं होतं.

आपलं टायपिंग जुन्या पद्धतीचं. इंग्रजी कळांवरच मराठी अक्षरं बसवलेली. कागदावर मराठी उमटतं, पण मशीनच्या लेखी ती नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, अर्थ नसलेली. ती ओळ तू त्या चौकोनात तशीच मारली असणार, पत्रिकेवर मारायचास तशी. मी कीबोर्ड जवळ ओढला आणि खाली न बघता ती मारली. लाल अक्षर आलं. बोटं ‘मल्लू’वरून सवयीनं थेट ‘ग्राफिक्स’वर गेली होती. नऊ वर्षांची सवय. दुसऱ्यांदा ‘मल्लू’पाशी थांबलो, मधली आडवी रेघ मारली, आणि हळूहळू, एकेक कळ दाबत, बिरू.

उघडलं.

शोभा उठून पडद्याजवळ आली. वर मोठ्या अक्षरात शिल्लक होती : शून्य.

“काईच न्हाई की हो.” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. तिनं पदर खांद्यावर ओढला आणि पिशवी उचलली.

“थांब, शोभा. खाली बघ.” खाली एक पट्टी होती, तिच्यात लिहिलं होतं, नऊ वर्षे मागे. “त्याला मदल्या वर्षांतलं सगळं वाचत यायचंय. आजून तिथवर आलंच न्हाई.”

हे मी तिला सांगत होतो, पण माझी खात्री नव्हती. तीन दिवस ती रोज गाडीनं यायची, तुझ्या खुर्चीवर बसायची. मी समोरच्या मशीनवर पत्रिका जुळवायचो. मधेच वीज गेली की दोघंही बॅटरीच्या दिव्याकडे बघायचो. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गेल्या की टेबल हलायचं आणि ती पडद्याला हात लावून धरायची, जणू त्यातलं काही सांडेल. पट्टी तसूतसूनं पुढं सरकत होती. एकदा तिनं विचारलं, “तुमाला काय वाटतंय? निगंल?” मी म्हणालो, “निघावं.” ते म्हणेपर्यंत मला ठाऊक नव्हतं की आता माझीही तीच इच्छा आहे.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पहिली नोंद पडली. मग दुसरी. मग थांबून थांबून येतच राहिल्या, जाळी उचलल्यावर मेंढरं एकेक करून बाहेर पडतात तशा. प्रत्येक नोंदीसमोर टिपणासाठी जागा होती आणि प्रत्येक जागेत तू एकच शब्द लिहिला होतास.

“गेरू?” शोभानं वाचलं. “ह्ये काय हाय अण्णा?”

मी शेवटच्या नोंदीपर्यंत खाली गेलो. तारीख त्याच दिवसाची होती. वेळ संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटं. थप्पड दुपारी दोनची; त्या गोंधळात प्रोग्राम बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या दिवसाचं शेवटचं नाणं आलं तेव्हा तुझ्या गालावर माझी बोटं असणार, आणि सातला तू येऊन, त्याच मशीनवर बसून, त्याच्यापुढंही लिहिलंस : गेरू.

मग मी शोभाला सगळं सांगितलं. अप्पांचा पट्टा सांगितला. लांडग्याचं सांगितलं. आणि फॉरमॅटचंही. तिच्या तोंडाकडे न बघता सांगितलं.

“ठाव हाय मला,” ती म्हणाली.

मी वर बघितलं.

“त्यांनी त्याच दिवशी सांगितलं हुतं. म्हनले, अण्णानं पुसलंय, व्हायरस-बियरस काय न्हाई. पर माजी पत्रिका पुसली नसंल.”

“मग मागितली कामून न्हाई त्यानं? नऊ वर्षं?”

“तुमी म्हनायची वाट बघायलते. उघड म्हून.”

बिरू, दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं, ते बरं झालं.

किती निघालं ते इथं लिहीत नाही. शोभाला ठाऊक आहे, ते पुरे. सगळं तिच्या नव्या वॉलेटमध्ये पाठवलं. पासवर्ड पुन्हा तीच ओळ, पुन्हा तसंच थांबून. ती म्हणाली, “गेरू म्हंजी निम्मं तुमचं की मग.” मी म्हणालो, “माझं लांडग्यानं नेलं.” तुझ्यानंतर पहिल्यांदा ती हसली, आणि हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर गेलो. जिथं तो शब्द आधी टाकला होता तिथंच उभं राहून सांगितलं, बिरू जुगारी नव्हता, मी खोटं बोललो, त्याची फाईलही मीच पुसायला बघितली. मग एकजण कप खाली ठेवत म्हणाला, “बरं. पर मल्लू, ह्ये तो आसताना सांगितलं आसतंस तर?” कारखान्याच्या गेटवरही सांगितलं. शोभाच्या वडलांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा विचारला नाही. खटकचिंचोळीत अजून जायचंय. तुझ्या दुकानाच्या शेजाऱ्यांना सांगायचंय. तिथं जायला पाय उचलत नाहीत, पण जाईन.

आज सकाळी राजेश्वरचे तेच पाहुणे आले. धाकट्या मुलाचं लग्न आहे. दारातूनच म्हणाले, “मल्लूशेठ, ह्या बारी होम न्हाई ना?” मग तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. त्यांनाही सांगितलं. “तवा मी बी हसलो हुतो,” ते म्हणाले आणि बाकावर बसून राहिले.

मी त्यांची जुनी फाईल उघडली, त्या एप्रिलची. नवरा-नवरीची नावं बदलली. तारीख बदलली. यादीतले त्यांचे वडील आणि एक आत्या मधल्या काळात गेले. त्यांच्या नावामागे ‘कै.’ लावलं. तसं करत करत तळाला आलो. ही फाईल मी तुझं नाव काढण्याआधीची होती, त्यामुळे ती ओळ जशीच्या तशी होती. ‘अक्षरजुळणी – मल्लू-बिरू ग्राफिक्स, भालकी.’

नियमानं तिथं ‘कै.’ लावायला हवं होतं. मी लावलं नाही. फाईल जतन केली आणि छापायला सोडली.